लागर बिअर आणि आपल्या जिल्ह्यातील ताडी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही घरांतून कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. मद्याचा इतिहास सांगावयाचा तो कशासाठी, आणि तोही भिवंडीच्या एका सेवानिवृत्त शाळामास्तराने, असा प्रश्न कोणी केला तर त्यात गैर काही नाही. माझे उत्तर एवढेच की, मद्य प्यावे की पिऊ नये हा नीतीचा प्रश्न आहे. परंतु ते कोणी करावे, कोठे विकावे आणि त्यावर किती कर भरावा हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नात ठाणे जिल्ह्यातील हजारो गरीब कुटुंबांचे बरेवाईट गुंतलेले होते. मुलांच्या शाळेचा खर्चही त्यात कसा अडकला होता, ते ओघाने येईलच.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. या मधल्या एकवीस वर्षांत ब्रिटनमध्ये लागर नावाची बिअर हळूहळू पाय रोवीत होती. त्याच वर्षांत भिवंडी, वाडा, पालघर, डहाणू या आमच्या बाजूला ताडी आणि मोहाची दारू यांवरून सरकार, दुकानदार, पुढारी आणि आदिवासी यांच्यात मोठी ओढाताण चालली होती. लागर आणि ताडी ही दोन्ही पेये जातीने एकमेकांना फार जवळची आहेत. दोन्ही भट्टीवर गाळलेली नव्हेत, नुसती आंबविलेली आहेत. आणि दोहोंत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः शेकडा चार-पाच भागांच्या आसपास असते. असे असूनही एकीला कारखाना, बाटली आणि प्रतिष्ठा मिळाली व दुसरीच्या वाट्याला परवाना, पहारा आणि दंड आला. याचे एक मोठे कारण मला असे दिसते की, लागर टिकते आणि ताडी टिकत नाही.

प्रथम लागरकडे पाहू. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठविणे. जवाला मोड आणून, तो भाजून, त्याच्या काढ्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालतात आणि मग तो काढा किण्व घालून आंबवितात, ही बिअरची सर्वसाधारण रीत होय. ब्रिटनमधील जुन्या पद्धतीचे किण्व उबदार हवेत काम करते व पृष्ठभागावर तरंगते. लागरचे किण्व थंड हवेत सावकाश काम करून तळाशी बसते, आणि त्यानंतर ते पेय कित्येक आठवडे गारठ्यात साठवून ठेवावे लागते. हिवाळ्यातील बर्फ तळघरात साठविणाऱ्या बव्हेरियात आणि बोहेमियात ही पद्धत वाढली. पुढे १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने थंडी निर्माण करणारे यंत्र सिद्ध केले, आणि १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने एकाच जातीचे शुद्ध किण्व वेगळे काढून दाखविले. या दोन शोधांमुळे लागर कोणत्याही देशात आणि कोणत्याही ऋतूत करता येऊ लागली.

ब्रिटनमध्ये वेल्समधील रेक्सम गावी १८८२ साली जर्मन भाषिक स्थलांतरितांनी लागरचा कारखाना काढला. ग्लासगोच्या टेनंट कंपनीने १८८५ साली हे पेय करण्यास आरंभ केला. बर्टनच्या ऑलसॉप कंपनीने १८९९ साली मोठी यंत्रसामग्री आणली, पण तो व्यवहार नीट साधला नाही, आणि महायुद्धानंतर ती यंत्रे स्कॉटलंडातील अलोआ येथे हलविण्यात आली. लंडनच्या बार्कले पर्किन्स कंपनीनेही १९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लागर हाती घेतली. तरीही इंग्रज कामगाराने आपली जुनी बिअर सोडली नाही. देशातील एकंदर खपात लागरचा वाटा अगदी अल्पच राहिला. बराचसा माल बाटल्यांत भरून जहाजांवर आणि उष्ण देशांतील वसाहतींकडे जाई. साठवण सोसणारे पेय असल्यामुळेच हा दूरचा व्यापार शक्य झाला.

त्या देशातही सरकार स्वस्थ बसलेले नव्हते. १९१४ साली ३६ गॅलनांच्या प्रमाणित पिंपावर ७ शिलिंग ९ पेन्स कर होता, तो १९२० साली १०० शिलिंगांवर गेला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजूर फार पितात म्हणून १९१६ साली कार्लाइल भागातील मद्यालये आणि मद्याचे कारखाने सरकारने स्वतःच ताब्यात घेतले, आणि ती व्यवस्था पुढे पन्नासांहून अधिक वर्षे चालली. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे कर कारखान्याच्या दारात, काढ्याच्या तीव्रतेवर मोजला जाई. कारखानदाराचे हिशेब, पिंपे आणि कोठारे तपासली की सरकारचे काम भागे. पिणाऱ्याच्या घरात शिरण्याचे प्रयोजन पडत नसे.

हिंदुस्थानात बिअर आली ती प्रामुख्याने गोऱ्या सैनिकांसाठी. काही जहाजांतून येई, काही येथेच होई. आणि थंडीची गरज असल्यामुळे कारखाने निघाले ते कसौली, सोलन, मरी अशा हिमालयाच्या अंगाखांद्यावरील गावी. मरीच्या कारखान्याशी संबंध असलेले एडवर्ड डायर हे जालियनवाला बागेतील जनरल डायर यांचे वडील होत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याला माड आणि ताड, तर आतल्या बाजूला शिंदी आणि मोह अशी झाडांची साधारण वाटणी आहे. माडाचा किंवा ताडाचा फुलोरा कापून त्याखाली मडके बांधावयाचे, आणि रात्रभर त्यात ठिबकणारा रस पहाटे उतरवावयाचा, हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. उन्हे वर येण्यापूर्वी तो रस गोड असतो. त्याला आपण नीरा म्हणतो. परंतु हवेतील किण्व त्याला लागलीच गाठते. दुपारपर्यंत त्याची ताडी होते, आणि एकदोन दिवसांत ती इतकी आंबते की, तिचा उपयोग शिरक्याखेरीज दुसरा होत नाही. ताडी साठविता येत नाही आणि लांब पाठविताही येत नाही. जेथे झाड तेथेच विक्री, असा तो व्यवहार.

मोहाची गोष्ट निराळी. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची मांसल फुले झाडाखाली गळून पडतात. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा या लोकांची बायकामुले ती टोपल्यांतून गोळा करतात. वाळविली की ती महिनोन्‌महिने टिकतात. धान्य संपलेल्या दिवसांत ती शिजवून खातात. दुष्काळात तर त्यांवर कित्येकांचे प्राण तगले आहेत. याच फुलांपासून दारू गाळता येते. फूल टिकते आणि गाळलेली दारूही टिकते. जी वस्तू टिकते ती कोठारात ठेवता येते, तिला कुलूप घालता येते आणि ती मोजून तिच्यावर कर बसविता येतो.

मुंबई सरकारचा १८७८ सालचा अबकारी कायदा या दृष्टीने वाचला म्हणजे त्याचा उलगडा होतो. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद कराव्या, पहारा ठेवता येईल अशा मोजक्या ठिकाणीच दारू गाळावी, आणि तेथून कर भरून ती परवानेदार दुकानांत जावी, असे हे धोरण होते. उरण हे अशा भट्ट्यांचे प्रमुख ठिकाण झाले. तेथील भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या, आणि त्यांना लागणारी मोहाची फुले पंचमहालांसारख्या दूरच्या मुलखातून येत. ताडीला मात्र कोठार नाही व कारखानाही नाही. तेव्हा तिला पकडावयाचे कोठे? सरकारने झाडच पकडले. झाडागणिक कर, झाडावर क्रमांक आणि परवान्यावाचून छेद घेतल्यास गुन्हा, अशी व्यवस्था झाली. झाडाने रस किती दिला व त्यातला नासला किती, याचा हिशेब धरण्याची सोय या करात नव्हती. कर वाढला तसे ताडी काढणे अनेकांना परवडेनासे झाले, आणि गिऱ्हाईक सौम्य ताडीकडून दुकानातील कडक दारूकडे ढकलले गेले. तिजोरीला याचे दुःख होण्याचे कारण नव्हते.

यापुढचे पाऊल १८९२ साली पडले. त्या वर्षीच्या मोहडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगणे व त्यांची ने-आण करणे यांवर निर्बंध घातले. चोरून दारू गाळली जाऊ नये हा त्याचा उद्देश. पण जे फूल आदिवासीच्या घरात अन्न म्हणून ठेवलेले असे, तेच आता संशयाचे कारण झाले. ब्रिटनमध्ये अबकारी अधिकारी कारखान्याच्या दारापर्यंत जाई. येथे तो झोपडीतील टोपलीपर्यंत आला. परमुलखातील फूल उरणच्या भट्टीत चालावे आणि अंगणातील फूल चालू नये, हे वारल्याला कसे पटावे?

मग दोन युद्धांमधील तो काळ आला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने १९२१ पासून शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. या जोडीतील खोच आम्हां शिक्षकांना विशेष कळते. शाळा वाढवावयाच्या तर पैसा हवा, आणि प्रांताच्या हाती असलेल्या उत्पन्नाच्या बाबींत अबकारी ही एक मोठी बाब. लोकनियुक्त मंत्र्याने दारू कमी करावी तर शाळांचा पैसा तुटतो, शाळा वाढवाव्या तर दारू खपावी लागते, असा हा पेच होता.

हा पेच मंत्रालयात सुटण्यापूर्वी रानातील लोकांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. १९२२ साली पालघरच्या किनारपट्टीकडून एका देवीची चळवळ उठली आणि ठाण्याच्या रानांतून सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. देवी अंगात येई आणि सांगे : ताडी-दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करू नका. हजारो आदिवासी जमून या आज्ञा ऐकत. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारता येणार नाही. ज्या दुकानदाराचे कर्ज, ज्याची जमीन आणि ज्याची दारू हे तिन्ही एकाच हाती होते, त्या हातातून सुटण्याचा तो प्रयत्न होता. चळवळीचा जोर पुढे ओसरला, परंतु ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना आपल्या दारिद्र्याचे एक मूळ स्पष्ट दिसले होते, ही गोष्ट खरी.

१९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा तो जुना पेच पुन्हा उभा राहिला. मुलांचे शिक्षण दारूच्या उत्पन्नावर चालावे, ही गोष्ट महात्मा गांधींना फार बोचत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून स्वावलंबी शिक्षणाची योजना मांडली, तिच्यामागे हीही एक चिंता होती. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातील अबकारीमंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून शहरात दारूबंदी अमलात आणली. ते स्वतः पारशी, आणि दारूच्या व्यापारात पारशी समाजाचे हितसंबंध मोठे; त्यांच्यावर स्वजनांचा रोष झाला. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरांतील स्थावर मिळकतींवर शेकडा दहा कर बसविला, त्याने घरमालकही रुष्ट झाले. शाळेचा पैसा दारूतून नको तर तो कोणाच्या तरी खिशातून यावयासच हवा, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले. काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि तो प्रयोग तेथेच ढिला पडला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने सर्व राज्यात बंदी आणली. १९५१ साली बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द ठरविली, पण कायद्याचा गाभा राखला. पुढे बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. आज महाराष्ट्रात बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि मद्यावरील कर हे पुन्हा राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. मोहाच्या फुलांवरील निर्बंध मात्र २०२१ सालापर्यंत चालत राहिले; त्या वर्षी ती गोळा करण्याची, साठविण्याची व विकण्याची आदिवासींना मोकळीक देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. १८९२ पासून मोजले तर मध्ये १२९ वर्षे गेली.

श्रोतेहो, मद्यपानाची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. दारूने मोडलेले संसार मीही पाहिले आहेत. माझे सांगणे इतकेच की, बाटलीतील पेय सभ्य आणि मडक्यातील पेय रानटी, हा भेद पेयाच्या गुणाने ठरलेला नाही. जे टिकले, मोजता आले, त्याला राज्याने दुकान दिले. जे टिकले नाही किंवा ज्याचे मोजमाप साधले नाही, त्याच्यामागे शिपाई लावला. तेव्हा उद्या मोहाच्या किंवा ताडीच्या गुन्ह्याची बातमी वाचाल, त्या वेळी आरोपीच्या वर्तनाबरोबर त्या कायद्याचा जन्म कशातून झाला याचाही विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.