पडद्यावरील पान आणि वाचकाचा अधिकार

संहितेचा अर्थ कोण ठरवतो, या प्रश्नाची चर्चा समीक्षेने विपुल केली आहे. तिचे दृश्यरूप कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र तिने बहुधा मुद्रकावर सोपवला. मुद्रित ग्रंथाच्या संदर्भात हे स्वाभाविक होते. अक्षराचा आकार, ओळीची लांबी, दोन ओळींमधील अंतर हे सारे छापखान्यात एकदाच ठरे. चष्मा लावण्यापलीकडे वाचकाला त्यात हस्तक्षेप नसे. संगणकाच्या पडद्यावर ही व्यवस्था मोडली आणि लेखक-वाचक संबंधाचा जुना वाद तेथे तांत्रिक रूपात उभा राहिला.

ऑक्टोबर 1994 मध्ये होकून वीउम ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना वेबवरील मजकुरासाठी शैलीपत्रांची कल्पना मांडली. अक्षर, रंग, अंतर यांविषयीचे नियम मजकुरापासून वेगळे नोंदवावेत, अशी ही कल्पना होती. त्या मसुद्यात लेखक आणि वाचक या दोघांनाही आपली पसंती नोंदवता येत होती. कोणाचा प्रभाव किती टक्के, हेही सांगता येत होते. डिसेंबर 1996 मध्ये ‘सीएसएस’ या नावाने ही पद्धती प्रमाण ठरली, तेव्हा टक्केवारी गळाली होती. दोघांनीही आपापला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवल्यास लेखकाचा नियम टिकेल, असे ठरले. मे 1998 मधील दुसऱ्या आवृत्तीने हा क्रम उलटा केला. मोठी अक्षरे किंवा विशिष्ट रंगसंगती ही ज्याची शारीरिक गरज आहे, त्याचाच शब्द अखेरचा मानला जावा, ही त्यामागील भूमिका होती.

रोलां बार्थ यांनी 1967 साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, त्या मांडणीतील वाचकाला इतिहास नाही, चरित्र नाही. 1998 च्या नियमातील वाचकाला डोळे आहेत आणि ते थकतात. वाचकाच्या अधिकाराची ही दुसरी उपपत्ती अधिक नम्र, म्हणूनच अधिक ठाम आहे.

देवनागरीच्या संदर्भात तिला विशेष अर्थ प्राप्त होतो. रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली जातो. रोमन लिपीच्या मापाने ठरलेले अंतर त्यांना अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू लागतो. अशा वेळी ओळींमधील अंतर वाढवणारा वाचक केवळ सोय पाहत नसतो; लिपीला तिची जागा परत देत असतो.

या अधिकारालाही मर्यादा आहे. गद्याची ओळ कोठेही तुटली तरी अर्थ ढळत नाही. मुक्तच्छंदातील कवितेची ओळ मात्र अक्षर मोठे करताच भलत्या जागी मोडते आणि तो विराम कवीचाच वाटू लागतो. मोडून खाली आलेला भाग थोडा आत सरकवून छापण्याचा मुद्रकांचा जुना संकेत येथेही उपयोगी आहे. अक्षराचा आकार वाचकाचा, ओळीची सीमा कवीची, ही वाटणी पडद्यावर सांभाळणे हे आता संहितासंपादनाचेच काम होय.