इंजिनावर उगवलेला खांब

आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांतले आल्बम उघडले की मुंजी, बारशी, डोहाळजेवणं यांच्या अधेमधे हमखास एखादा आगगाडीचा फोटो सापडतो. कुणीतरी हौसेने काढलेला, बहुतेक वेळा थोडा तिरका. आज अशाच दोन फोटोंची गोष्ट सांगते. दोन्ही एकाच स्पर्धेत होते. एक पहिला आला, दुसरा शेवटून पहिला. दुसरा माझ्या बाबांचा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आता घरातल्या मुलांना हे माहीत नसतं. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची लाइन पडली. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. देशातली ही पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला गाडी ओढायला चक्क बैल होते! पुढे मजबूत रूळ आले, इंजिनं आली, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात डभोई हे छोट्या गाड्यांचं मोठं जंक्शन झालं. मियागाम, प्रतापनगर, चांदोद, बोडेली, जरोद, सगळीकडे फाटे. आपल्या मराठी घरांना त्यातला चांदोदचा फाटा जवळचा, कारण नर्मदेवरचं श्राद्धकर्म तिथे.

आता कॅमेऱ्याचं. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. हा कॅमेरा आपल्या बडोद्यातच तयार व्हायचा, हे सांगताना बाबांची मान अजून ताठ व्हायची. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. रोल महाग, त्यामुळे वर्षाला दोन-तीनच. शटर संथ, म्हणून उभी गाडी छान यायची आणि धावती गाडी पुसल्यासारखी. त्यातून रेल्वेच्या आवारात फोटो काढायला परवानगी लागायची, तेव्हा बरेच हौशी लोक घाईघाईत, कुणाची नजर चुकवूनच बटण दाबायचे. त्या काळातल्या तिरक्या फोटोंचं निम्मं कारण हेच असावं.

१९८१च्या गणपतीत आमच्या वाड्याने फोटोंची स्पर्धा ठेवली. विषय, आगगाडी. परीक्षक होते वाड्यातलेच एक काका, फाइन आर्ट्सला शिकलेले, बोलायला रोखठोक. त्यांनी सगळ्या मुलांना समोर बसवून फोटो कसा बघायचा ते शिकवलं. मला ते अजून पाठ आहे. ऊन कुठून आलंय ते आधी बघा, इंजिनाचं तोंड आणि बाजू दोन्हींवर पडायला हवं; भर दुपारी काढलात तर चाकं काळीठिक्कर. चाकांना जोडणारा दांडा खाली आलेला असेल तर आरे मोकळे दिसतात. धूर हवा, पण त्याने गाडी झाकू नये. गाडी येत असेल तर थोडं समोरून काढा, आडवी धावती गाडी पुसली जाते. रूळ उताराला लागल्यासारखे दिसू नयेत. आणि मागचा खांब इंजिनाच्या धुराड्यातून उगवल्यासारखा येऊ देऊ नका!

शेवटचं वाक्य बाबांच्या फोटोकडे बघून होतं. सगळे हसले. फोटो डभोई स्टेशनवरचा. इंजिनाचं तोंड सावलीत, रूळ तिरके, आणि धुराड्याच्या बरोबर मागे वाकलेल्या हाताचा एक दिव्याचा खांब. पहिल्या डब्याच्या खिडकीत माझी आजी, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेली, कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडेच कुठेतरी बघणारी. पहिला नंबर शेजारच्या एका भाऊंच्या फोटोला मिळाला. स्वच्छ कोवळं ऊन, इंजिनाचा एकेक बोल्ट मोजून घ्यावा असा. बक्षीस, स्टीलचा डबा.

बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी गाडीचा फोटो काढला नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला त्या काकांचा फार राग आला होता.

मध्ये चाळीसेक वर्षं गेली. काका गेले, भाऊ गेले, बाबाही गेले. वाफेची इंजिनं गेली, त्यामागून आलेली छोटी डिझेल इंजिनंही गेली. १७ जानेवारी २०२१ला डभोई-चांदोद आणि पुढे केवडियापर्यंतच्या ब्रॉडगेजचं उद्घाटन झालं. ज्या फाट्याने आपण श्राद्धाला जायचो, त्यावरून मोठ्या गाड्या धावायला लागल्या. बरंच झालं, प्रवास सुधारला. पण छोटी गाडी बघायची तर आता प्रतापनगरचं संग्रहालय, नाहीतर घरातले आल्बम.

मागच्या वर्षी वाड्यातल्या जुन्या घरांनी फोटोंचं छोटं प्रदर्शन करायचं ठरवलं. पुतणी म्हणाली, "आत्या, निवड तू कर, तुला माणसं ओळखू येतात." अशी मी परीक्षक झाले. ढिगात भाऊंचा तो पहिला आलेला फोटो निघाला आणि बाबांचाही.

खरं सांगते, मनात आलं होतं की बाबांचा फोटो सगळ्यांत वर लावावा आणि चाळीस वर्षांचा हिशोब चुकता करावा. पण दोन्ही शेजारी ठेवले आणि कबूल करावं लागलं, काका बरोबर होते. भाऊंचा फोटो सुंदर आहे. बाबांचा नाही.

मग दोन्ही उलटे केले. भाऊंच्या फोटोमागे कोरं. स्टेशन नाही, साल नाही. त्यांच्या मुलाला विचारलं, त्यालाही माहीत नाही. पुढे एक जोडी छोटी चाकं, मध्ये तीन जोड्या मोठी, मागे परत एक जोडी छोटी, म्हणजे झेडबी वर्गाचं इंजिन एवढं कळत होतं. पण ही इंजिनं इतर नॅरोगेजवरही धावायची. नंबराच्या पाटीवर नेमकी वाफ. बाबांच्या फोटोमागे मात्र पेन्सिलीने लिहिलेलं: "डभोई. मार्च १९७८. दादांच्या वर्षश्राद्धाला चांदोदला जाताना. गाडी चाळीस मिनिटं लेट. आई खिडकीत."

पुतणीने दोन्ही फोटो मोबाइलवर मोठे करून बघितले आणि एकदम म्हणाली, "आत्या, हा खांब बघ!" भाऊंच्या फोटोच्या उजव्या कडेला, अगदी कापला जाता जाता राहिलेला, तोच वाकलेल्या हाताचा दिव्याचा खांब. हात त्याच बाजूला वाकलेला. त्याच्यामागे पाण्याची तीच टाकी, आणि टाकीशेजारी दोन फांद्यांत दुभंगलेला तोच निंब. एक खांब सारखा असणं योगायोग म्हणता येईल. खांब, टाकी आणि झाड तिन्ही त्याच क्रमाने, म्हणजे जागा तीच. भाऊंचा सुंदर फोटो डभोईचा निघाला, तो बाबांच्या फसलेल्या फोटोमुळे, आणि त्यातही ज्या खांबाला सगळे हसले होते त्याच्यामुळे.

आम्ही दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. नंबर दिले नाहीत. भाऊंच्या फोटोखाली पहिल्यांदाच स्टेशनचं नाव लिहिलं, साल लिहिलं नाही, कारण ते अजून ठाऊक नाही. भाऊंचा मुलगा त्या पाटीसमोर बराच वेळ उभा होता. नंतर मला म्हणाला, "ताई, बाबा तिथे कशाला गेले असतील?" त्याचं उत्तर कोणत्याच फोटोत नव्हतं.

माझ्या आजीचा खिडकीतला तो एकच फोटो. पुढच्या वर्षी ती गेली. ती कुठे बघत होती हे आता कळायचं नाही. पण ती कुठे चालली होती आणि कशासाठी, एवढं बाबांनी लिहून ठेवलं.

तेव्हा मंडळी, एक काम करा. येत्या रविवारी आल्बम काढा, घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला शेजारी बसवा. फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: कुठे, केव्हा, कोण, कशासाठी. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाईही उतरते. आणि फसलेले फोटो टाकू नका. कुणाच्या तरी चांगल्या फोटोचं गाव त्यात असेल.