घाटावरून समुद्राकडं

आमचं धाड गाव बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी कडेला. थोडं पुढं गेलं की जालना जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत तिकडं निजामाचं राज्य होतं आणि इकडं इंग्रजांचा वऱ्हाड. पलीकडच्या गावांना आमची म्हातारी माणसं अगदी परवापर्यंत मोगलाईच म्हणत. अशा ठिकाणच्या माणसाला कापूस, ज्वारी, मका कळतो. समुद्र त्याच्या हिशेबातच नसतो. पुतण्यानं सुट्टीत मुरुडकडच्या फणसाड अभयारण्यात जायचं काढलं, तेव्हा घरातल्यांनी पहिला प्रश्न केला, "तिथं पाहुणे कोण हायेत आपले?"

पाहुणे कुणीच नव्हते. पण जुनं नातं मात्र होतं. धाडपासून जवळच असलेलं भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर सापडतात. १९७२-७३ साली भोकरदनला उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळतीजुळती दुसरी मूर्ती सापडली ती थेट इटलीतल्या पाँपेईत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. म्हणजे आमच्या शेजारपाजारच्या कारागिरांची आणि समुद्रापलीकडच्या बाजाराची ओळख दोन हजार वर्षांपूर्वीच झालेली. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा आणि कोकणातल्या बंदरांत गलबतावर चढायचा. अलिबागहून मुरुडला जाताना वाटेत चौल लागतं, ते त्याच काळातलं बंदर. आता तिथं नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. एस.टी.च्या खिडकीतून पाहताना वाटलं, आपण नव्या मुलखात चाललो नाही, विसरलेल्या वाटेनं चाललोय.

काशीदला समुद्र दिसला. पुतण्याची पोरगी वाळूत पळत सुटली, एक ओंजळ तोंडात घेतली अन् थुंकत म्हणाली, "आबा, एवढं पानी, अन् पेता येत न्हाई!" उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातलं लेकरू दुसरं काय म्हणणार? किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली पुष्कळ झाडं आडवी झाली.

मुक्काम सुपेगावात, तंबूत. फणसाडच्या जंगलात शिरायची वाट इथूनच. सकाळी गावातलाच एक वाटाड्या सोबत आला. इथं पाणवठ्याला गाण म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशी नावं त्यानं वाटेत सांगितली. जंगल बारा महिने हिरवं राहतं ते या गाणींच्या जोरावर. गारंबीची वेल पाहिली. खोड माणसाच्या मांडीएवढं आणि शेंगा हातापेक्षा लांब. उंच फांदीवर शेकरूचं घरटं होतं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिला तो या वयात.

हे रान राहिलं कसं, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. उत्तर इतिहासात आहे, आणि ते सरळ नाही. हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींचा. त्यांचा किल्ला भर समुद्रात. आमच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या लेकानं तो घेण्यासाठी जिवाचं रान केलं, समोर पद्मदुर्ग बांधला. संभाजीराजांनी १६८२ मध्ये मोठा वेढा घातला. जंजिरा काही मिळाला नाही. पुढं इंग्रजांच्या अमलातही हे संस्थान टिकलं आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. फणसाड म्हणजे या नवाबांचं शिकारीचं राखीव रान. शिकारीला सावज पाहिजे, सावजाला झाडी पाहिजे, म्हणून झाडी राखली गेली. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. ५० चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल आज उभं आहे ते एका राजाच्या हौसेमुळं.

आमच्याकडं उलटं घडलं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. रेल्वे आली, सरक्या-गठाणींचा बाजार आला. गुरं चरायची कुरणं, माळ, झुडपं नांगराखाली गेली. शेतकऱ्याच्या हाती रोकडा आला, पण पाठीमागची सावली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं आणि जनावरं तडफडून मेली, तेव्हा ना कडबा होता ना झाडपाला.

म्हणजे राजाची राखण चांगली म्हणायची का? वाटाड्याला हे विचारलं तर तो हसला. म्हणाला, "रान राखलं ते खरं, भाऊ. पण आमचे वाडवडील त्याच रानाच्या कडेला राहिले. डुक्कर भातात शिरलं की ते कोणाच्या रानातलं, हे विचारत नाही." जंगल वाचलं त्याचा आनंद आपण पर्यटक घेतो, त्याची किंमत कडेची गावं भरतात, कालही आणि आजही. वाटाड्याचं काम, तंबू, जेवणाची खानावळ यातून त्यातलं थोडं परत येतं, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडंही सगळंच गेलेलं नाही. बुलढाणा-खामगाव वाटेवर बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजाराहून जास्त किलोमीटर चालून तिथं आला, तेव्हा सारा देश चकित झाला. तो वाघ शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या शिवारांतून आला. म्हणजे त्याला लपायला अजून कुठं कुठं झुडूप आहे, गायरान आहे, ओढ्याकाठची झाडी आहे. ती कोणा नवाबानं राखलेली नाही. आता राखणारा राजा नाही अन् शिकारीची हौसही नाही. गावोगावचं गायरान इंचाइंचानं बांधाआड जातंय, ते ठेवायचं की नांगरायचं, हे ग्रामसभेत बसलेली आपलीच माणसं ठरवणार आहेत.