दाभोळ : एका वीजकेंद्राचा इतिहास



वीजकेंद्र हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारल्यास मी दाभोळकडे बोट दाखवीन. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या परिसरात उभे असलेले हे केंद्र संयुक्त आवर्तन पद्धतीचे आहे. इंधनाच्या ज्वलनाने प्रथम गॅस टर्बाइन फिरते. त्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी पाण्याची वाफ होते व तिच्यावर दुसरे टर्बाइन चालते. वाया जाणारी उष्णता कामी लावणारी ही रचना खरोखर काटकसरीची होय.

करार मात्र तसा नव्हता. १९९२ साली एन्रॉन कंपनीशी प्राथमिक समझोता झाला आणि १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार. वीज घेतली न घेतली तरी राज्य वीज मंडळाने स्थिर आकार भरावयाचा, आणि देणे डॉलरच्या भावाशी बांधलेले! जागतिक बँकेने १९९३ मध्येच अर्थसाहाय्य नाकारले होते. ग्रामस्थांचा विरोध, १९९५ मध्ये प्रकल्प रद्द, १९९६ मध्ये पुन्हा मान्यता, असा प्रवास झाला. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला, तोही वायूवर नव्हे, महागड्या नाफ्थ्यावर. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे निघाले. पुढे २००५ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्राच्या पुढाकारातील कंपनीने ते २००६ मध्ये पुन्हा चालविले.

अभियंत्यांनी उष्णतेचा हिशेब ठेवला; ग्राहकाच्या पैशाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही, असे मला वाटते. विद्यार्थ्यांनी यंत्राबरोबर करारही वाचावयास शिकावे, एवढेच माझे मागणे आहे.