मल्हारराव गायकवाड

बडोद्याचे महाराज (कारकीर्द 1870–75). थोरले बंधू खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून ते पादऱ्यात कैदेत होते. भावाच्या मृत्यूनंतर मात्र गादी त्यांना आपसूक मिळाली.

खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतवल्या होत्या, यांनी सोन्याच्या घडवल्या! रयतेच्या पैशावरची ही चढाओढ अक्षम्यच.

1874 मध्ये ब्रिटिश रेसिडेंट फेअर यांच्या सरबतात विष आढळले. चौकशी आयोगातील तिन्ही हिंदी सदस्यांनी महाराजांना दोषी मानले नाही, तरी गैरकारभाराच्या ठपक्यावरून 1875 मध्ये त्यांना पदच्युत केले गेले. सयाजीराव गादीवर आले. आज बडोद्यातील दांडिया बाजारासारख्या मराठी वस्तीत मान आहे तो सयाजीरावांना. मल्हारराव 1882 मध्ये मद्रासला वारले.