अस्मी (मशीन पिस्तूल)

अस्मी हे भारतीय बनावटीचे पहिले ९ मिमी मशीन पिस्तूल आहे. पुण्यात बावधनलगतच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना (एआरडीई) आणि महू येथील भूसेनेचे इन्फंट्री स्कूल यांनी ते संयुक्तपणे विकसित केले. त्याची नळी ८ इंच लांब असून मॅगझिनमध्ये ३३ गोळ्या मावतात.

घोषणा व पुरवठा

रणगाड्यांवरील सैनिक, वाहनचालक इत्यादींसाठी उपयुक्त असे हे शस्त्र चार महिन्यांत विकसित झाल्याचे संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. प्रत्येकी उत्पादनखर्च ५०,००० रुपयांहून कमी राहील, असेही सांगण्यात आले. तथापि भूसेनेची ५५० पिस्तुलांची मागणी हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीकडे एप्रिल २०२४ मध्येच नोंदवली गेली. त्याच वर्षी ती नॉर्दर्न कमांडमध्ये दाखल झाली. अशा रीतीने घोषणेनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने ती तेथील सैनिकांच्या हाती आली.