मेडिगॅप : अमेरिकेतील पूरक आरोग्य विमा आणि किमतींच्या तुलनेचा इतिहास

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी स्वाक्षरी केली आणि १ जुलै १९६६ पासून ही योजना अमलात आली. वृद्धांचा सगळा वैद्यकीय खर्च उचलण्याचे तिने कधीच कबूल केले नव्हते. जो खर्च तिने रुग्णावर सोडला त्याच्या आधाराने खासगी विम्याचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला, आणि त्यालाच पुढे मेडिगॅप हे नाव पडले. या व्यवसायाच्या सहा दशकांच्या वाटचालीत एक प्रश्न सतत पुढे येत राहिला : निवृत्त झालेल्या माणसाला दोन कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवून कोणती स्वस्त आहे हे ठरवता येते का? बराच काळ ते येत नव्हते. ते शक्य झाले ते कायद्याने विकल्या जाणाऱ्या मालाचेच स्वरूप ठरवून दिले तेव्हा, आणि तरीही ते अर्धवटच शक्य झाले.

मूळ योजनेची रचना पाहिल्याशिवाय पूरक विम्याची गरज ध्यानात येत नाही. मेडिकेअरचे सुरुवातीला दोन भाग होते. रुग्णालयाचा खर्च देणारा ‘भाग ए’ कामगार आणि मालक यांच्याकडून वसूल होणाऱ्या करावर चालत असे, तर डॉक्टरांची फी देणारा ‘भाग बी’ ऐच्छिक होता आणि त्यासाठी १९६६ मध्ये दरमहा ३ डॉलर हप्ता पडत असे. रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिले ४० डॉलर रुग्णानेच भरायचे होते. अशा रकमेला, म्हणजे विमा लागू होण्यापूर्वी विमाधारकाने स्वतः सोसायच्या खर्चाला, डिडक्टिबल म्हणतात. साठ दिवसांहून अधिक मुक्काम झाल्यास नव्वदाव्या दिवसापर्यंत रोज १० डॉलर द्यावे लागत, आणि त्यापुढील खर्च योजनेच्या कक्षेबाहेर होता. डॉक्टरांच्या बिलांपैकी वर्षाचे पहिले ५० डॉलर आणि त्यानंतर मान्य फीचा २० टक्के हिस्सा रुग्णाकडे राहत असे. घरी घ्यायची औषधे, दातांचे उपचार, चष्मा आणि श्रवणयंत्रे यांना योजनेत जागा नव्हती. या सगळ्यात सर्वांत घातक ठरली ती वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा नसणे ही गोष्ट, कारण दीर्घ आजारात वीस टक्के हिस्साच एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत संपवू शकत होता. मूळ मेडिकेअरमध्ये अशी मर्यादा आजही नाही.

या फटी भरण्यासाठी कंपन्या आणि संस्था लगेच पुढे आल्या. ब्लू क्रॉस आणि ब्लू शील्ड या ना-नफा विमा संस्थांनी आपल्या जुन्या सभासदांसाठी पूरक पॉलिसी काढल्या. एथेल पर्सी अँड्रस या कॅलिफोर्नियातील निवृत्त मुख्याध्यापिकेने १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती, आणि वृद्धांना कोणतीही कंपनी दारात उभे करत नसताना पन्नाशीच्या दशकात आपल्या सभासदांसाठी सामूहिक विमा मिळवून दाखवला होता. याच कामातून १९५८ मध्ये एएआरपी ही सर्व निवृत्तांसाठीची संघटना जन्माला आली, आणि सामूहिक पूरक विमा हा तिच्या सभासदत्वाच्या मोठ्या आकर्षणांपैकी एक बनला. या संस्थांच्या बरोबरीने लहानमोठ्या व्यापारी कंपन्यांचे एजंटही गावोगाव फिरू लागले, आणि बाजाराचा सर्वांत काळा अध्याय त्यांच्या विक्रीपद्धतीने लिहिला.

सत्तरच्या दशकातील पॉलिसींची तुलना करणे जाणकारालाही कठीण होते, कारण कोणत्याही दोन पॉलिसी एकसारख्या नव्हत्या. एक पॉलिसी रुग्णालयाची डिडक्टिबल भरून देई पण डॉक्टरांच्या वीस टक्क्यांना हात लावत नसे. दुसरी रुग्णालयातील प्रत्येक दिवसामागे ठरावीक रोख रक्कम देई आणि प्रत्यक्ष बिल कितीही झाले तरी तीच देई. तिसरी फक्त कर्करोगासाठी असे. आधीपासून असलेल्या आजारांवरील खर्च किती महिने नाकारायचा, याचाही प्रत्येक कंपनीचा वेगळा नियम होता. अशा स्थितीत हप्त्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नसे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातील मोठा वाटा एजंटला दलाली म्हणून मिळत असल्याने जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणे हा नेहमीचा प्रकार होता, आणि त्यात विमाधारकाचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाई. भीती दाखवून एकाच वृद्धेला एकाच खर्चासाठी अनेक पॉलिसी विकल्या जात, आणि काही एजंट आपण मेडिकेअरकडून आलो आहोत असे भासवून घरात प्रवेश मिळवत. फ्लोरिडाचे प्रतिनिधी क्लॉड पेपर यांच्या अध्यक्षतेखालील वार्धक्यविषयक समितीने १९७८ मध्ये या प्रकारांची जाहीर सुनावणी घेतली. फसवणूक करणाऱ्यांचे बळी अडाणी होते असा समज त्या सुनावणीनंतर टिकण्यासारखा नव्हता. गोंधळ मालाच्या रचनेतच होता, आणि हिशेब ठेवणारी, लिहितीवाचती माणसेही त्यात सापडत होती.

त्यावरचा पहिला कायदेशीर उपाय १९८० मध्ये मोंटाना राज्याचे सिनेटर मॅक्स बॉकस यांच्या दुरुस्तीने आला. अमेरिकेत विमा व्यवसायावर देखरेख ठेवण्याचा अधिकार मुख्यतः राज्यांकडे असल्यामुळे केंद्राने थेट हुकूम न काढता किमान निकष ठरवले, आणि ते पाळणाऱ्या पॉलिसींना ऐच्छिक प्रमाणपत्र देण्याची सोय केली; ज्या राज्यांनी तितकेच कडक नियम केले त्यांना त्यातून मोकळीक मिळाली. हे निकष राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने तयार केलेल्या नमुना नियमांवर बेतलेले होते. त्यांतील एक निकष किमतीशी थेट निगडित होता : हप्त्यांतून गोळा होणाऱ्या रकमेपैकी किती हिस्सा दाव्यांच्या रूपाने विमाधारकांकडे परत जातो, याचे जे प्रमाण असते ते वैयक्तिक पॉलिसीसाठी किमान ६० टक्के आणि सामूहिक पॉलिसीसाठी ७५ टक्के असावे असे ठरले. हे दावा-प्रमाण किंमत मोजण्याची प्रामाणिक पट्टी म्हणता येईल, कारण शंभर डॉलर घेऊन चाळीसच परत देणारी पॉलिसी तिचा हप्ता लहान असला तरी महागच असते. पण कायद्याने कंपनीला अपेक्षित प्रमाण तेवढे दाखवायला सांगितले होते. प्रत्यक्षात ते गाठले नाही तर पुढे काय, याचे उत्तर त्यात नव्हते, आणि पॉलिसींची विविधताही तशीच राहिली होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न जवळजवळ निकालात निघण्याची वेळ आली होती. अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी जुलै १९८८ मध्ये मंजूर केलेल्या एका कायद्याने मेडिकेअरमध्येच रुग्णाच्या खर्चाला मर्यादा घालण्याचे आणि औषधांचा समावेश करण्याचे ठरवले होते. मात्र त्याचा भार वृद्धांवरच, आणि त्यांतल्या सधनांवर प्राप्तिकराच्या अधिभारातून अधिक, टाकला होता. नोकरीतून निवृत्त होताना मालकाकडून पूरक विमा मिळालेल्यांना हा दुहेरी भुर्दंड वाटला, विरोध पेटला, आणि काँग्रेसने १९८९ संपण्यापूर्वी कायदा मागे घेतला. फटी पुन्हा उघड्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी पूरक विम्याचे हप्ते झपाट्याने वाढले. सुधारणेला हवी असलेली निकड यातून आली.

नोव्हेंबर १९९० मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने झालेल्या अर्थसंकल्पीय कायद्यात पूरक विम्याचे जे प्रकरण आहे, ते ग्राहकहिताच्या कायद्यांत धाडसी म्हणावे असे आहे. त्याने विमा कंपन्यांचा पॉलिसी रचण्याचा अधिकारच काढून घेतला. विमा आयुक्तांच्या संघटनेने जास्तीत जास्त दहा नमुने तयार करायचे, त्यांना ‘ए’ ते ‘जे’ अशी अक्षरे द्यायची आणि कंपन्यांनी त्याच नमुन्यांपैकी काही विकायचे, असे ठरले. संघटनेने १९९१ मध्ये हे नमुने पूर्ण केले आणि पुढील वर्षाच्या जुलैपर्यंत बहुतेक राज्यांत ते लागू झाले. आधीच स्वतःची पद्धत असलेल्या मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांना सूट मिळाली. ‘ए’ या नमुन्यात फक्त पायाभूत लाभ होते, म्हणजे रुग्णालयातील दीर्घ मुक्कामाचा रोजचा हिस्सा, आयुष्यभरात आणखी ३६५ दिवसांचा रुग्णालय खर्च आणि डॉक्टरांच्या फीतील वीस टक्के. पुढील अक्षरांत यावर एकेक लाभ चढत गेला. ‘एच’, ‘आय’ आणि ‘जे’ यांत औषधांचाही काही खर्च मिळे, पण २५० डॉलरच्या डिडक्टिबलनंतर निम्माच, आणि तोही वर्षाला पहिल्या दोन नमुन्यांत १,२५० तर ‘जे’मध्ये ३,००० डॉलरपर्यंत.

याच कायद्याने वैयक्तिक पॉलिसीचे दावा-प्रमाण ६५ टक्क्यांवर नेले, ते प्रत्यक्षात न गाठल्यास ग्राहकांना पैसे परत करण्याचे बंधन घातले, एकाला दुसरी मेडिगॅप पॉलिसी विकण्यास बंदी केली, आणि राज्याराज्यांत वृद्धांना विनामूल्य सल्ला देणारी केंद्रे चालवण्यासाठी निधी दिला. शिवाय वयाची ६५ वर्षे पूर्ण करून ‘भाग बी’ घेणाऱ्याला पहिले सहा महिने कोणतीही कंपनी प्रकृतीच्या कारणावरून नाकारू शकणार नाही, आणि एकदा घेतलेली पॉलिसी हप्ते भरत राहिल्यास बंद करता येणार नाही, अशी हमी मिळाली. आता एका कंपनीची ‘एफ’ आणि दुसऱ्या कंपनीची ‘एफ’ यांत लाभांचा तिळमात्र फरक उरला नाही. डॉक्टर किंवा रुग्णालय निवडण्यावरही सर्वसाधारण पॉलिसीत बंधन नसल्याने फरक उरला तो हप्ता आणि सेवा यांचाच.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एकसारख्या मालाच्या किमती हळूहळू एकमेकींजवळ यायला हव्यात. मेडिगॅपमध्ये तसे झाले नाही. एकाच शहरात एकाच अक्षराच्या पॉलिसीसाठी एक कंपनी दुसरीच्या दुप्पट हप्ता घेताना आजही आढळते. याचे मोठे कारण वयाचा हिशेब करण्याच्या तीन पद्धतींत आहे. समुदाय-दर पद्धतीत सर्व वयांच्या विमाधारकांना एकच हप्ता पडतो. प्रवेश-वय पद्धतीत पॉलिसी घेताना जे वय असेल त्यावर दर ठरतो आणि केवळ वय वाढले म्हणून तो वाढत नाही. चालू-वय पद्धतीत मात्र हप्ता वयाबरोबर चढत जातो. महागाईची आणि वाढत्या उपचारखर्चाची भर तिन्हींत पडतेच. साहजिकच ६५ व्या वर्षी चालू-वय पद्धतीची पॉलिसी सर्वांत स्वस्त दिसते आणि ऐंशीव्या वर्षी तीच सर्वांत महाग ठरू शकते. म्हणून आजच्या हप्त्यांचा तक्ता पाहून केलेली तुलना फसवी असते. कायद्याने माल एकसारखा केला खरा, पण पंधरा वर्षांनंतरची किंमत त्या तक्त्यात कुठेच छापलेली नसते.

नमुन्यांची यादी पुढे अनेकदा बदलली. २००३ च्या कायद्याने २००६ पासून औषधांसाठी ‘भाग डी’ आला, तेव्हा औषधखर्च देणाऱ्या नव्या मेडिगॅप पॉलिसी विकणे थांबले आणि खर्चाचा काही हिस्साच उचलणारे ‘के’ व ‘एल’ हे नमुने आले. जून २०१० पासून ‘ई’, ‘एच’, ‘आय’ आणि ‘जे’ यांची नवी विक्री बंद झाली, ‘एम’ आणि ‘एन’ सुरू झाले, आणि ‘जी’ व ‘एफ’ यांत एकच भेद राहिला : ‘भाग बी’ची डिडक्टिबल ‘एफ’ देते, ‘जी’ देत नाही. २०१० मध्ये ही रक्कम वर्षाला १५५ डॉलर होती, म्हणजे ‘एफ’चा वार्षिक हप्ता ‘जी’हून त्यापेक्षा जास्त असेल तर ‘एफ’ घेणे हा उघड तोटा होता. इतका सरळ हिशेब समोर असूनही ‘एफ’ सर्वाधिक खपत राहिली, कारण आजारपणात हाती एकही बिल येऊ नये ही वृद्धांची इच्छा वजाबाकीहून बलवान होती, आणि ती समजण्यासारखीही आहे. पहिल्या डॉलरपासून सगळे भरून मिळाले की उपचारांचा अनावश्यक वापर वाढतो, अशी भूमिका घेऊन काँग्रेसने २०१५ च्या कायद्याद्वारे १ जानेवारी २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांसाठी ‘सी’ आणि ‘एफ’ हे दोन्ही नमुने बंद केले. त्यात तरुण सभासदांची भर थांबल्याने जुन्या सभासदांचा गट वृद्ध होत जाणार आणि त्यांच्या हप्त्यांवर ताण येणार, ही या निर्णयाची दुसरी बाजू आहे.

या इतिहासाशी मराठी कुटुंबांचाही संबंध येतो. मेडिकेअरच्या कायद्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जॉन्सन यांनी स्थलांतराचा नवा कायदा मंजूर केला, आणि त्या दारातून गेलेले मराठी डॉक्टर व अभियंते आता स्वतः मेडिकेअरचे लाभार्थी आहेत. मुलांनी नंतर बोलावून घेतलेल्या आईवडिलांनी अमेरिकेत नोकरी केलेली नसल्यामुळे त्यांना कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे काढल्यानंतर हप्ते भरून मेडिकेअरमध्ये प्रवेश मिळतो. मूळ मेडिकेअर काही अपवाद वगळता देशाबाहेरचा खर्च देत नाही. ‘डी’, ‘जी’, ‘एन’ यांसारखे नमुने मात्र परदेश प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतील तातडीच्या उपचारांचा, २५० डॉलर वजा जाता, ८० टक्के खर्च आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत देतात. हिवाळ्याचे चार महिने पुण्यात काढणाऱ्या दांपत्याने ही साठ दिवसांची अट हप्त्याच्या आकड्याआधी वाचायला हवी.

तुलना करून पॉलिसी बदलण्याचा हक्क हा या सुधारणेचा सर्वांत अपुरा राहिलेला भाग होय. पहिले सहा महिने उलटले की, काही विशेष परिस्थिती सोडल्यास, बहुतेक राज्यांत नवी कंपनी अर्जदाराच्या प्रकृतीची छाननी करून त्याला नाकारू शकते किंवा जास्त हप्ता लावू शकते. त्यामुळे शेजारच्या कंपनीत तीच ‘जी’ निम्म्या किमतीला मिळते हे मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या ७८ वर्षांच्या विमाधारकाला कळले तरी त्याला जागचे हलता येत नाही. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट यांनी वर्षभर केव्हाही, प्रकृती न पाहता, समुदाय-दराने पॉलिसी देण्याची सक्ती केली आहे. मेन आणि मॅसॅच्युसेट्स यांनी वर्षातून ठरावीक काळ ती संधी ठेवली आहे. कॅलिफोर्निया आणि ओरेगन वाढदिवसानंतरच्या ठरावीक दिवसांत समान किंवा कमी लाभांच्या पॉलिसीकडे जाऊ देतात, तर मिसूरी हीच मुभा पॉलिसीच्या वर्षपूर्तीच्या सुमारास त्याच अक्षरापुरती देते. समुदाय-दराच्या सक्तीमुळे न्यूयॉर्कमधील ६५ वर्षांच्या निरोगी माणसाला इतर राज्यांतील समवयस्काहून बराच अधिक हप्ता भरावा लागतो. पण ऐंशीव्या वर्षी, कोणताही आजार असताना, दोन कंपन्यांचे दर समोर ठेवून त्यांतला कमी दर खरोखर घेण्याची सोय त्याला आहे.